बंबाची आगगाडी आणि ‘मामाच्या गालाला’

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, सॉरी, पण ‘मामाच्या गालाला’ वाचल्यावर कोणालाही येईल. म्हणजे मला जे समजलं ते असं, की मुलगा साडेचार वर्षांचा, दिवाळी संपून थंडी पडली तेव्हापासून रोज संध्याकाळी डायनिंग टेबलावर दुलई टाकून बोगदा करतो, कानटोपी घालून स्वतःच इंजिन होतो आणि गदिमांचं ते झुकझुक गाणं म्हणत घरभर फिरतो, त्यात गावाच्या जागी गाल म्हणतो. आजोबा शब्द दुरुस्त करायला गेले की रडून खेळ मोडतो. तुम्ही हौसेने रुळांसकट बॅटरीवरची ट्रेन आणलीत, ती दोन दिवस चालली आणि आता त्या रुळांची तलवार झालीये. दीड महिना रोज हेच, तर हे नॉर्मल आहे का, थांबवावं का, आणि आपण खेळायचं तर कसं. शिवाय शेवटी जाता जाता लिहिलंय की मामा भाऊबीजेला येऊन गेला आणि त्याला सोडायला हा पण स्टेशनवर गेला होता. ते शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्यावर नंतर येते.

नॉर्मल आहे आणि थांबवू नका, हे आधीच सांगून टाकते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. खेळायचं कसं याला मात्र वेळ लागेल. मी पुण्यात ३४ वर्षं बालवाडी घेतली, हजारभर तरी मुलं हाताखालून गेली असतील, पण आगगाडीच्या खेळाबद्दल मला जे कळलं त्यातलं अर्धं बालवाडीत नाही, आमच्या वाड्यातल्या पाणी तापवायच्या बंबापाशी कळलं होतं, आणि ते कळलेलं आहे हे कळायला पुढे वीसेक वर्षं गेली.

साल १९६८-६९ असेल. सदाशिव पेठेतला वाडा, नऊ बिऱ्हाडं, मागे फरशांचा चौक, त्यात हौद आणि हौदाच्या कडेला आमचा नि शेजारच्यांचा मिळून एक बंब. आताच्या आईबापांनी बंब पाहिलेला असतोच असं नाही म्हणून सांगते, तांब्याचं उभं पिंप, मधोमध वरपासून खालपर्यंत नळी, त्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली पितळी तोटी आणि वरून धूर. नळीत करवंट्या, ढलप्या, नारळाच्या शेंड्या टाकायच्या. आजी पहाटे पाचला पेटवायची आणि सहाच्या सुमाराला आम्ही पाच पोरं, मी, दादा, धाकटा आणि शेजारच्या दोघी, खांद्यावर पंचे टाकून अंघोळीच्या रांगेत कुडकुडत उभे. शाळा सकाळची. पाणी एका वेळी एकाचंच तापायचं म्हटलं तरी चालेल, त्यामुळे शेवटच्याला अर्धा तास तरी थांबायला लागायचं, आणि डिसेंबरातल्या पहाटे फरशीवर अनवाणी अर्धा तास म्हणजे काय ते ज्याने काढलाय त्यालाच ठाऊक.

थंडी तेव्हा खरंच असायची. दादाने मला सांगितलं होतं की ही थंडी सिमला ऑफिसात बनवतात. ते मी बरीच वर्षं खरं धरून चालले होते, कारण नावच तसं, आणि आजोबा रोज पेपरात तिथलाच आकडा वाचून दाखवायचे. (हवामान खात्याचं मुख्य ऑफिस १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून ते नाव, हे फार उशिरा कळलं.) आणि आकडा वाचून झाला की आजोबांचं ठरलेलं, ‘ही कसली थंडी, पस्तीस साली पडली होती ती थंडी!’ ते मात्र खरं होतं, १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात १.७ अंश नोंदलंय.

तर त्या रांगेची आगगाडी कधी झाली ते आठवत नाही, पण बंब म्हणजे इंजिन हे सांगावंच लागलं नाही. धूर आहे, विस्तव आहे, पाणी खदखदतंय. गंमत म्हणजे खऱ्या वाफेच्या इंजिनातही तेच असतं, गरम धूर नळ्यांमधून जातो आणि भोवतीचं पाणी उकळतं, फक्त ते आडवं असतं आणि त्यात नळ्या पुष्कळ. आम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही दरवर्षी मिरज लाईनने जेजुरीला जायचो, तेव्हा ती लाईन मीटर गेज होती आणि कोळशाचं इंजिन, खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कण. त्यामुळे स्टेशनं पाठ होती. हौदाची पायरी म्हणजे फुरसुंगी, तुळशीवृंदावन आळंदी, आणि जिना लागला की शिंदवण्याचा घाट. आजी होती फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारी, तिला न सांगता. ती करवंटी टाकायला वाकली की आम्ही सगळे ‘कोळसा पडला रे’ ओरडायचो आणि ती म्हणायची मेल्यांनो हळू, बिऱ्हाडं झोपलीत.

आणि गाणं तेच, तुमच्या मुलाचं. पण आम्ही ते म्हणायचो ते कोणाला ऐकवायला नाही, गाडी चालवायला. गाडी सुटताना अगदी सावकाश, एकेक झुक सुटा सुटा, मग वेग. लाकूड ओलं असलं आणि विस्तव धरत नसला की घाट लागला, म्हणजे गाणं हळू करायचं, नुसतं कुजबुजत, आणि पाय न हलवता जागच्या जागी. धूर चौकात उतरला की बोगदा, डोळे मिटायचे आणि गाणं बंद, धूर जाईपर्यंत कोणी श्वासही सोडायचा नाही. एकाची बादली भरली की इंजिनाने पाणी घेतलं, तो उतरला, बाकीचे एक डबा पुढे. आमचा धाकटा एरवी दोन मिनिटं एका जागी उभा राहत नसे, तो या घाटात पुतळ्यासारखा उभा राहायचा. आई म्हणायची, हा जेवताना असा बसेल तर मी नारळ फोडीन.

(थोडं विषयांतर, पण मला आवडतं म्हणून. दोन सिलेंडरच्या वाफेच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला वाफेचे चार फुत्कार धुरांड्यातून सुटतात, म्हणून तो आवाज चाराच्या ठेक्यात येतो, आणि मुलांनी पाय आपटत हे गाणं म्हटलं की तेही आपोआप चाराच्या ठेक्यातच पडतात. मुंबई-पुणे लाईन तर १९२९ पासूनच विजेवर आहे, म्हणजे पुण्यातली कितीतरी मुलं तेव्हाही झुकझुक म्हणत विजेच्याच गाडीने मामाकडे जात होती. तुमचा मुलगा मेट्रो बघून घरी येतो आणि झुकझुक करतो यात नवीन काही नाही.)

एक सकाळ मात्र विसरत नाही. इतकी थंडी होती की तोंडातून धूर यायला लागला. म्हणजे वाफ, म्हणजे खरं तर वाफही नाही, आतली ओलसर गरम हवा बाहेर येऊन गार झाली की तिचे बारीक थेंब होतात ते. पुण्याची थंडी बऱ्यापैकी कोरडी, त्यामुळे हे रोज दिसत नाही. आणि झालं काय, पाचही जणांच्या तोंडून धूर, म्हणजे पाचही इंजिनं! डबा व्हायला कोणी तयार नाही. दादा म्हणाला डब्यांनी तोंड मिटायचं. मिटलं, तर नाकातून धूर. मग भांडण, रडारड, धाकट्याचा पंचा हौदात. शेवटी शेजारच्या दोघींतली मोठी म्हणाली, तिचे वडील रेल्वेत होते, की घाटात गाडीला मागूनही इंजिन लावतात. ते खरंच आहे, कर्जतहून लोणावळ्याला चढताना गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन जोडतात. झालं, दोन पुढे, दोन मागे, मधे एकटा धाकटा डबा, कारण मधे उभं राहिलं की त्याला ऊब मिळायची. ती गाडी त्या दिवशी शिंदवण्याचा घाट चढून शाळेला उशीर करून थांबली.

आता बालवाडीकडे. मी नवीन होते तेव्हा दोन मोठ्या चुका केल्या, त्या सांगते कारण तुम्ही आणि आजोबा मिळून नेमक्या त्याच करताय.

पहिली चूक, इंजिन करून दिलं. आमच्या मुलांनी चपलांच्या स्टँडची आगगाडी केली होती, मस्त चालली होती, आणि मला उत्साह. तीन रात्री जागून पुठ्ठ्याचं इंजिन, काळा रंग, चाकं, नंबर, धुरांड्याला कापूस. मुलांनी दोन दिवस हात लावून पाहिलं, तिसऱ्या दिवशी आत कोण बसणार यावरून मारामारी, चौथ्या दिवशी इंजिन कोपऱ्यात आणि मुलं परत चपलांच्या स्टँडवर. मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पुढे वायगॉट्स्की वाचला, हा रशियन मानसशास्त्रज्ञ, त्याने १९३३ मध्ये खेळावर एक व्याख्यान दिलं होतं, त्यात काठीच्या घोड्याचं उदाहरण आहे. काठी घोडा होऊ शकते कारण तिच्यावर टांग टाकून दौडता येतं, पोस्टकार्डाचा घोडा होत नाही. म्हणजे वस्तू दिसायला कशीही असो, तिच्याशी जे करायचं ते करता आलं पाहिजे. माझं इंजिन दिसायला इंजिन होतं पण त्याच्याशी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तुमच्या बॅटरीच्या ट्रेनचंही तेच, ती स्वतःच चालते, मग मुलाने काय करायचं? बघायचं? त्याचे रूळ त्याच्याकडे आहेत, ते गाणं म्हणजेच रूळ. म्हणून प्लॅस्टिकच्या रुळांची तलवार झाली, आणि तलवार म्हणून ते उत्तम आहेत, राहू द्या.

दुसरी चूक जास्त वाईट. डिसेंबर-जानेवारी म्हणजे गॅदरिंगचा सीझन. मी तोच आगगाडीचा खेळ स्टेजवर घेतला. रेकॉर्ड लावली, निळे टी-शर्ट, रांग सरळ, ओठ हलले पाहिजेत आणि शब्द बरोबर पाहिजेत. दहा दिवस प्रॅक्टिस. पालक खूष, टाळ्या. आणि गॅदरिंगनंतर वर्ष संपेपर्यंत अंगणात ती आगगाडी एकदाही धावली नाही. एकदाही नाही. एका मुलीला विचारलं तर म्हणाली, ‘ताई, ते झालं ना आता.’ खेळातलं गाणं आणि दाखवायचं गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकदा दुसऱ्यात गेलं की पहिल्यात परत आणणं अवघड. म्हणून पाहुणे आले की ‘बाळा ते गाणं म्हणून दाखव’ हे बंद करा. व्हिडिओ काढायचाच असेल तर लांबून, त्याला न कळता एखादा, रोज नाही.

आजोबांचं मला कळतं, मीही त्याच वयाची आहे आणि चुकीचा शब्द कानावर पडला की हात शिवशिवतात. पण त्यांना असं सांगा की गाडी घाटात असताना कोणी रूळ दुरुस्त करत नाही. शब्द दुरुस्त करायला दिवसातला बाकी सगळा वेळ आहे. झोपताना आजोबांनी स्वतःच्या आवाजात तेच गाणं नुसतं म्हणायचं, बरोबर शब्दांनी, ‘बघ असं असतं’ न म्हणता. तो ऐकेल. बदलायचं तेव्हा बदलेल, बहुतेक पहिलीत जाईपर्यंत आपोआप. मोबाईलवर मूळ गाणं लावून देऊ नका, खेळ चालू असताना तर नाहीच, रेकॉर्डला घाट कळत नाही, ती आपल्या वेगाने जाते.

आणि ते घाटात पुतळ्यासारखं उभं राहणं, ते किरकोळ समजू नका. रशियातच १९४० च्या दशकात असा प्रयोग झाला होता की लहान मुलांना नुसतं स्तब्ध उभं राहा म्हटलं तर ती किती वेळ राहतात आणि पहारेकऱ्याचा खेळ म्हणून उभं केलं तर किती वेळ. खेळात कितीतरी जास्त वेळ राहिली. आमच्या आईला हे प्रयोगाशिवाय दिसत होतं, फक्त जेवायच्या पाटावर तिला घाट आणता आला नाही. तुम्हाला येईल. घरातून निघायची घाई असेल तेव्हा ‘बूट घाल’ दहा वेळा म्हणण्यापेक्षा ‘सिग्नल पडलाय’ एकदा म्हणून बघा. पण हे रोज वापरू नका हां, मुलांना लगेच वास येतो की आई माझा खेळ कामाला लावतेय.

तुम्ही कसं खेळायचं? लहान रोल घ्या. मोठी माणसं खेळायला बसली की लगेच स्टेशनमास्तर होतात आणि सगळं चालवायला लागतात. तुम्ही प्रवासी व्हा, तेही डुलक्या काढणारा. तिकीट विचारलं तर खिसे चाचपा, सापडत नाही म्हणा, मग तो काय करतो बघा, दंड करतो की सोडून देतो. ‘किती डबे आहेत, मोज बरं’ असं काही विचारायचं नाही, ते शाळेत होतंच. त्याला हवं असेल तर एखादी वस्तू नुसती जवळ ठेवून द्या, जुनी टोपली, दोरी, रिकामा खोका, दुलईला धरायला कपड्यांचे चिमटे. सांगायचं काही नाही. एखाद्या रविवारी कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे तिथे न्या, माझ्या बालवाडीतली मुलं तिथून आली की पंधरा दिवस गाडीत नवीन काहीतरी असायचं, कधी सिग्नल, कधी फाटक. आणि सारसबागेजवळ पेशवे पार्कातली फुलराणी, ती १९५६ पासूनची, तिच्यात तुमचे आजोबा पण बसले असतील, त्यांना विचारा. रुळांवरून भांडण्यापेक्षा तो विषय बरा.

आपल्याकडे हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेकांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, माँटेसरी पद्धत घेतली खरी, पण ताराबाईंनी तिच्यात आपली गाणी, नाच, आपल्याकडच्या साध्या वस्तू आणल्या. माँटेसरीबाई स्वतः लहान मुलांच्या काल्पनिक खेळाबद्दल जरा कडक होत्या, मुलाला खरं काम द्या म्हणायच्या. मला दोन्ही पटतं. मुलाला खरी पोळी लाटायला द्या आणि दुलईचा बोगदाही करू द्या, एकामुळे दुसरं अडत नाही.

काळजी कधी करायची, तेही विचारलंय असं धरते. रोज तोच खेळ हे काळजीचं कारण नाही, रोज खेळ तंतोतंत तसाच, काडीचाही बदल नाही, कोणी त्यात आलेलं चालतच नाही, शिवाय हाक मारली तरी बघत नाही, बोलणं मागे पडलंय, इतर मुलांकडे लक्षच नाही, असं एकत्र दिसलं तर मुलांच्या डॉक्टरांना जरूर दाखवा, घाबरून नाही, वेळेवर कळलेलं बरं म्हणून. पण तुमच्याकडे तसं दिसत नाही. तुम्हीच लिहिलंय की परवा गाडीत आजीची काठी सिग्नल झाली आणि काल गाडी पंक्चर झाली. आगगाडी पंक्चर करणाऱ्या मुलाची मी तरी काळजी करणार नाही. बाकी सेफ्टी म्हणाल तर दुलईत तोंड गुंडाळून झोपून जाऊ देऊ नका आणि रूम हीटर असेल तर बोगद्यापासून लांब. आमच्याकडे शेजारच्या धाकटीने एकदा इंजिनाची शिट्टी म्हणून तोटीला हात लावला होता, बोटांना फोड आले, आठवडाभर गाडी बंद.

आता ते शेवटचं वाक्य. भाऊबीजेला मामा आला, दोन दिवस राहिला, मग हा त्याला स्टेशनवर सोडायला गेला आणि गाडी मामाला घेऊन गेली. त्यानंतर याचा खेळ सुरू झाला. तुम्ही थंडीशी जोडताय, थंडीचा संबंध दुलईपुरता असेल. साडेचार वर्षांच्या मुलाने पाहिलं की गाडी माणसाला नेते, आणि त्याच्याकडे असं एक गाणं आहे ज्यात गाडी मामाकडे नेते. मग तो रोज संध्याकाळी जाऊन येतो, इतकंच. मूल ‘मला मामाची आठवण येते’ असं फार क्वचित म्हणतं, ते दुलई काढतं. आमचा मामा तर शनिवार पेठेत राहायचा, वाड्यातून चालत पंधरा मिनिटं, तरी आम्ही रोज पहाटे इतके घाट चढून त्याच्याकडे जायचो आणि मामाचं गाव म्हणून न्हाणीघरात उतरायचो.

राहता राहिला गाल. मुलाला ज्या शब्दाचं चित्र डोळ्यापुढे येत नाही त्याच्या जागी ते चित्र येणारा शब्द ठेवतं, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. फ्लॅटमधल्या मुलाला गाव म्हणजे काय ते नीट माहीत नसतं, त्यातून तुमचा भाऊ राहतो ठाण्यात सतराव्या मजल्यावर. पण गाल माहीत आहे. तुम्हीच लिहिलंय की मामाने यंदा दाढी वाढवलीये आणि दोन दिवस हा त्याच्या गालाला गाल घासून खिदळत होता. म्हणजे याच्या गाण्यात चूक नाहीये, त्याला जिथे जायचंय तेच तो म्हणतोय. आज रात्री भावाला फोन करा आणि सांगा, संक्रांतीला येशील तोपर्यंत दाढी काढू नकोस.